वाक्यांचे सांधे

आणि, किंवा, पण, म्हणून, कारण, तरीही, शिवाय, जर, तर ही लहानसहान शब्दांची मंडळी आपल्या रोजच्या ओळखीची आहे. शाळेतल्या पुस्तकात त्यांना ‘उभयान्वयी अव्यये’ असे भारदस्त नाव आहे. परीक्षेपुरती ती पाठ करावयाची आणि नंतर विसरावयाची, एवढाच बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध. नाम आणि क्रियापद ही घरातली कर्ती माणसे. ही अव्यये म्हणजे दाराच्या बिजागऱ्या. दार करकरू लागेपर्यंत बिजागरीकडे कोण पाहतो?

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याकरणावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आम्ही व्याकरण शिकलो ते अर्जांच्या गठ्ठ्यातून. तक्रारअर्ज, आरोपपत्रांना दिलेले खुलासे, सभांची इतिवृत्ते, मागणीपत्रे, करारांचे मसुदे हेच आमचे पाठ्यपुस्तक. हे कागद वर्षानुवर्षे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. कामगार आपली हकीकत सांगताना सहसा चुकत नाही. दिवस, वेळ, रक्कम, माणसे सारे तोंडपाठ असते. अडते ते दोन वाक्यांच्या मध्ये. हकीकत पुरी असते, पण तिच्यातून काय निष्पन्न होते ते कागदावर उतरलेले नसते. निष्पन्न होणारी गोष्ट जिथे राहते ती जागा म्हणजे वाक्यांचा सांधा.

एक मासला पाहू. नगरमध्ये विड्या वळून संसार चालवणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते; पाने आणि तंबाखू मालकाकडून येतात; वळलेल्या विड्यांतून नापसंत विड्या बाद होतात. अशा एखाद्या बाईच्या अर्जात तीन वाक्ये असतात: ‘पाने खराब आली. विड्या बाद झाल्या. मजुरी कापली.’ तिन्ही खरी आहेत. परंतु वाचणारा साहेब ती तीन निरनिराळ्या बातम्या म्हणून वाचतो आणि कागद बाजूस ठेवतो. आता तीच वाक्ये अशी लिहा: ‘पाने खराब आली म्हणून विड्या बाद झाल्या, तरीही मजुरी माझीच कापली.’ नवी माहिती काहीच घातली नाही. ‘म्हणून’ या शब्दाने दोष कोणाकडे जातो ते दाखवले, ‘तरीही’ या शब्दाने अन्याय कोठे झाला ते दाखवले, आणि ‘माझीच’ मधल्या ‘च’ने भार कोणावर पडला ते सांगितले. सारी फिर्याद या तीन इवल्या शब्दांत आली. आता साहेबाला उत्तर द्यावे लागते: पाने खराब नव्हती असे तरी म्हणावे लागते, नाही तर कपात परत तरी करावी लागते.

आमचे आजचे सांगणे ते इतकेच. सांधणारा शब्द ही शोभेची वस्तू नाही. ते स्वतंत्र विधान आहे, आणि लिहिणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

मराठीच्या व्याकरणकारांनी या शब्दांचा विचार पूर्वीच केलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. हे दादोबा पुढे डेप्युटी कलेक्टर म्हणून नगरला होते, हे नगरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ सालचा. ‘उभयान्वयी’ या शब्दातच अर्थ सांगितलेला आहे: उभय म्हणजे दोन, अन्वय म्हणजे संबंध. दोहोंचा संबंध दाखवतो तो उभयान्वयी. शाळेच्या व्याकरणात त्याचे आठ प्रकार देतात. बरोबरीची दोन वाक्ये जोडणारे चार: ‘आणि’, ‘शिवाय’ हे भर घालणारे, ‘किंवा’, ‘अथवा’ हे पर्याय देणारे, ‘पण’, ‘परंतु’ हे उणीव दाखवणारे, ‘म्हणून’, ‘सबब’ हे परिणाम सांगणारे. एक वाक्य दुसऱ्याच्या आश्रयाला ठेवणारे आणखी चार: स्वरूप सांगणारा ‘की’, हेतू सांगणारा ‘म्हणून’, कारण सांगणारा ‘कारण’ आणि अट घालणारी ‘जर–तर’, ‘जरी–तरी’ ही जोडपी. यादी पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकार व्यवहारात काय करतो, ते समजून घ्यावे.

प्रथम ‘आणि’ व ‘किंवा’ घेऊ. करारात लिहिले की, ‘ज्यांनी दोन हंगाम काम केले आहे आणि ज्यांची नावे हजेरीपटावर आहेत त्यांना हा लाभ मिळेल,’ तर दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ बसवला तर एक पुरी केली तरी भागते. एका शब्दाने किती घरांत पगार जाईल आणि किती घरांत जाणार नाही, हे ठरते. म्हणून कराराचा मसुदा समोर आला की आम्ही आकड्यांच्या आधी सांधे वाचतो. आकडा सर्वांच्या नजरेत असतो. सांध्यावर कोणाचे लक्ष नसते.

‘किंवा’चा अर्थ नेहमी ‘दोहोंपैकी एकच’ असा होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात संस्था किंवा संघटना स्थापन करण्याचा हक्क दिलेला आहे. २०११ सालच्या ९७ व्या घटनादुरुस्तीने त्याच ओळीत आणखी एक ‘किंवा’ घालून सहकारी संस्था तीत आणल्या. याचा अर्थ असा नव्हे की, ज्याने संघटना काढली त्याचा सहकारी संस्थेचा हक्क गेला. तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. एकीने जा, नाही तर तिन्हींनी जा. आपल्या जिल्ह्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. प्रवरेकाठी लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांच्या गावांत एक भाऊ ऊस घालणारा सभासद आणि दुसरा भाऊ कामगार संघटनेचा सभासद, असे घर नवलाचे नाही.

उलट मराठीत ‘की’ नावाचा एक धूर्त शब्द आहे. ‘चहा किंवा दूध चालेल’ यात सैलपणा आहे. ‘चहा घेता की दूध?’ या प्रश्नात निवड करावीच लागते. सभेत कोणी उठून विचारतो, ‘संप करायचा की बोलणी करायची?’ सभेचे लगेच दोन तट पडतात. वास्तविक बोलणी चालू ठेवून संपाची नोटीस देता येते. कित्येकदा नोटिशीमुळेच बोलण्यांना वेग येतो. दोन गोष्टी एकत्र नांदू शकत असताना ‘की’ने त्यांच्यामध्ये भिंत उभी केली. असा प्रश्न आला की आधी भिंत खरी आहे की कागदी, ते ठोकून पाहावे.

आता ‘पण’. ‘हा कामगार कामात चोख आहे, पण उशिरा येतो.’ ‘हा कामगार उशिरा येतो, पण कामात चोख आहे.’ दोन्ही वाक्यांत माहिती एकच. तरी पहिला शेरा वाचून बढती अडते आणि दुसरा वाचून मिळते. कारण ‘पण’च्या पुढे जे येते त्याचे पारडे जड होते. वाचकाच्या मनात शेवटी तेच उरते. म्हणून लिहिताना ठरवावे की, आपल्याला काय उरवावयाचे आहे, आणि ते ‘पण’च्या पलीकडे ठेवावे. ‘जरी–तरी’ हे याच कामाचे अधिक नेटके हत्यार. ‘जरी दोन दिवस उशीर झाला, तरी नेमून दिलेले काम पुरे केले.’ यात उशीर कबूल केला आहे, लपवला नाही. त्याची जागा मात्र खाली ठरवून दिली आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा आपणच आधी मांडून त्याची किंमत ठरवणे, ही प्रामाणिक युक्तिवादाची रीत आहे आणि ती या जोडप्यात पुरेपूर भरलेली आहे.

कायद्यात तर ‘परंतु’ला स्वतंत्र बैठक आहे. मराठी अधिनियमांत मुख्य कलम झाले की खाली ‘परंतु’ने सुरू होणारा परिच्छेद येतो, त्याला परंतुक म्हणतात. वरचे कलम हक्क देते, परंतुक त्याला मर्यादा घालते. पुष्कळ मंडळी वरचे वाचून आनंदाने घरी जातात. आमचा सल्ला असा की, कलम वाचताना बोट ‘परंतु’पर्यंत न्यावे आणि मग चष्मा पुसून पुढचे वाचावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येऊ. तो म्हणजे ‘म्हणून’. ‘त्याने संघटनेची वर्गणी भरली. त्यानंतर त्याला कामावरून कमी केले.’ हे एक विधान. ‘त्याने संघटनेची वर्गणी भरली, म्हणून त्याला कामावरून कमी केले.’ हे अगदी निराळे विधान. पहिल्यात काळाचा क्रम आहे, दुसऱ्यात कारण आहे. पहिले सिद्ध करायला दोन तारखा पुरतात. दुसरे सिद्ध करायला मालकाच्या मनात काय होते ते दाखवावे लागते: त्याच वेळी नवा माणूस घेतला काय, वर्गणी न भरलेल्यांना ठेवले काय, दिलेले कारण दुसऱ्या कोणाला लागू केले काय. हा पुरावा हातात नसताना रागाच्या भरात ‘म्हणून’ लिहिला, तर उलटतपासणीत समोरचा वकील त्या एकाच शब्दाला धरतो. तो निसटला की साऱ्या अर्जाचा विश्वास जातो, आणि खऱ्या तारखाही खोट्या वाटू लागतात. असे पुरावे हाती असोत वा नसोत, ‘त्यानंतर’ लिहून तारखा एकाखाली एक मांडाव्यात. क्रम बोलका असेल तर वाचणारा ‘म्हणून’ स्वतःच म्हणतो, आणि त्याने स्वतः म्हटलेला ‘म्हणून’ आपण लिहिलेल्यापेक्षा बळकट असतो. पुरावा पुरा असेल तेव्हा मात्र कचरू नये. ‘म्हणून’ ठणकावून लिहावा.

या शब्दाची घडणच आपल्याला शिकवते. ‘म्हण’ या धातूला ‘ऊन’ लागून तो झाला आहे. ‘म्हणून’ म्हणजे मुळात ‘असे म्हटल्यावर’. आधी काही म्हटलेले असेल, तरच ‘म्हणून’ म्हणता येते. ज्याच्या मागे काही सांगितलेलेच नाही तो ‘म्हणून’ पायाशिवायची भिंत होय. अर्जाच्या शेवटी ‘सबब विनंती की’ असे लिहिण्याची जुनी चाल आहे. ‘सबब’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थच कारण. ‘सबब’ लिहिताना मागे वळून पाहावे की, वरच्या ओळींत खरोखर सबब दिली आहे काय. सरकारी आदेशात ‘ज्याअर्थी’, ‘ज्याअर्थी’ अशी चढण असते आणि शेवटी ‘त्याअर्थी’ येऊन हुकूम सुटतो. भाषा कोरडी खरी, परंतु रीत न्यायाची आहे: हुकूम करणाऱ्यानेही आधी कारणे मांडावीत. आदेशाला आव्हान द्यायचे तर ‘त्याअर्थी’शी झगडण्यापेक्षा वरचा एखादा ‘ज्याअर्थी’ ढिला आहे काय, ते पाहावे.

अटीच्या सांध्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार या मागण्या त्यात होत्या. शेवटची मागणी अपघाताची. तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. कामावर जबर इजा होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा. आणि तो जन्माचा जायबंदी झाला, तर त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी. ‘तर’ दोनदा आहे, ‘पर्यंत’ एकदा. नुसते ‘जखमी कामगाराला मदत द्यावी’ असे लिहिले असते, तर पाच रुपये हातावर ठेवून कोणीही मोकळा झाला असता. येथे कोणत्या प्रसंगी काय आणि कोठवर, हे बांधून टाकले आहे. आठवड्याची सुट्टी १८९० साली पदरात पडली. भावना सर्वांच्याच मनात होती. मागणीला आकार आला तो या सांध्यांमुळे.

येथवर शब्दांविषयी बोललो. पण सांधा शब्दाचाच असतो असे नाही. मराठीत ‘ऊन’ प्रत्यय हा मोठा सांधेकरी आहे: ‘घरी येऊन, जेवून, तो निजला.’ ‘मुळे’, ‘साठी’, ‘ऐवजी’ हेही तेच काम करतात. ‘यामुळे’, ‘त्यासाठी’ यांतले ‘या’ आणि ‘त्या’ मागच्या वाक्याकडे बोट दाखवतात. मात्र मागे दोन-तीन गोष्टी सांगितल्या असतील तर बोट नेमके कोणाकडे आहे, ते स्पष्ट हवे. तेथे ‘यामुळे’ऐवजी ‘या कपातीमुळे’ असे नाव घेऊन लिहावे.

आणि कधी शब्दाची पुनरुक्ती हाच सांधा होतो. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या पुस्तकाच्या आरंभीच्या ओळी सर्वांना पाठ असतात. त्यांत विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या दैन्यापर्यंतची साखळी आहे. त्यांत एका ओळीत जे गेले म्हणून सांगितले, तेच पुढच्या ओळीत कारण होऊन उभे राहते. मधे ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ यांची गरज पडत नाही. कडीत कडी आपोआप अडकते. वाचणारा एक कडी मान्य करतो आणि शेवटापर्यंत ओढला जातो.

याहून जुने उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडलेले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितली गेली. गीतेचे सातशे श्लोक. त्यांवरच्या ओव्या सुमारे ९,०००. ग्रंथ समोर बसलेल्या श्रोत्यांना सांगितलेला आहे, आणि श्रोता वाटेत हरवू नये याची काळजी पदोपदी दिसते. दृष्टांतामागून दृष्टांत येतात. ते ‘कां’, ‘ना तरी’, ‘अथवा’ या शब्दांनी ओवलेले असतात. ‘जैसे’ म्हणून सुरू केलेले ‘तैसे’ म्हणून मुक्कामाला आणलेले असते. शंका आली की ‘परि’, निष्कर्ष आला की ‘म्हणौनि’. कठीण तत्त्वज्ञान गावच्या माणसापर्यंत पोहोचले याला प्रतिभा कारण आहेच. पण प्रत्येक पायरीवर हात धरणारे हे शब्दही कारण आहेत. ग्रंथ भक्तिभावाने वाचणारांनी एकदा नुसते हे सांधे पाहत वाचून पाहावा.

त्याच ग्रंथाच्या पसायदानात येणारा ‘किंबहुना’ हा शब्द हल्ली फार वापरात आहे, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. पुष्कळ वक्ते तो ‘कदाचित’ या अर्थी वापरतात. त्याचा अर्थ ‘फार काय सांगावे’, ‘याहूनही पुढे जाऊन सांगायचे तर’ असा आहे. ज्या विधानाविषयी आपण साशंक आहो त्याच्या आधी तो बसवला, तर शंका दिसण्याऐवजी खात्री दिसते. दुसरा शब्द ‘तसेच’. इतिवृत्त लिहिणाऱ्याला पुढचा मुद्दा मागच्याशी कसा जुळतो ते कळले नाही की तो ‘तसेच’ लिहितो. दहा ठरावांत नऊ ‘तसेच’ दिसले, तर समजावे की संबंध शोधण्याचे काम राहून गेले आहे. तेथे आकडे घालून मुद्दे सुटे लिहिणे अधिक प्रामाणिक. संबंध नसताना तो दाखवणे हे असलेला लपवण्याइतकेच वाईट.

भाषण करताना या शब्दांची उणीव भासत नाही. वक्ता थांबतो, हात वर करतो, आवाज चढवतो. तोच त्याचा ‘तरीही’ आणि तोच ‘म्हणून’. कागदाला हात नाही, आवाज नाही. कागद साहेबाच्या टेबलावर एकटा जातो आणि त्याला एकट्यानेच बोलावे लागते. भाषणाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढले की ते तुटक वाटतात, त्याचे कारण हेच.

मग करावे काय? आम्ही संघटनेच्या कचेरीत लिहायला बसणाऱ्यांना एक साधी रीत सांगतो. आधी हकीकत सुट्या वाक्यांत लिहावी. एका ओळीत एक गोष्ट. मग दर दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवून स्वतःला विचारावे: ही पुढची गोष्ट मागचीत भर घालते काय? तिच्या विरुद्ध जाते काय? तिच्यामुळे घडली काय? की नुसती तिच्यानंतर घडली? उत्तर मिळाले की त्याला शोभेल तो शब्द आपोआप येतो. उत्तर उघड असेल तर शब्द न घातला तरी चालतो. आणि उत्तरच मिळाले नाही, तर उणीव भाषेत नसून माहितीत आहे. लेखणी ठेवावी आणि जाऊन चौकशी करावी. किती तरी वेळा असे रिकामे सांधे शोधतानाच हरवलेली पावती, विसरलेला साक्षीदार किंवा न वाचलेले परंतुक हाती लागते.

ही रीत एकट्या कामगाराची नव्हे. नगरपालिकेकडे पाणीपट्टीची तक्रार करणारा नागरिक, सोसायटीचा सचिव, शाळेकडे पत्र लिहिणारी आई, वर्तमानपत्राला पत्र धाडणारा निवृत्त शिक्षक या सर्वांच्या उपयोगाची आहे. वाचतानाही ती कामी येते. निवडणुकीचे पत्रक असो की कंपनीची नोटीस, त्यातले ‘म्हणून’ आणि ‘पण’ पेन्सिलीने अधोरेखित करावेत आणि प्रत्येकाच्या अलीकडे-पलीकडे पाहावे. ‘खर्च वाढला म्हणून माणसे कमी करणे भाग आहे,’ असे कोणी लिहिले तर खर्च खरोखर वाढला काय, एवढ्यावर न थांबता, वाढलेल्या खर्चातून माणसे कमी करणेच निघते काय, हेही विचारावे. खर्चाचा आकडा खरा असू शकतो आणि त्याला जोडलेला ‘म्हणून’ खोटा असू शकतो. आकडे तपासायला हिशेबनीस लागतो; ‘म्हणून’ तपासायला लिहिता-वाचता येणारा कोणीही माणूस पुरेसा आहे.